दुहेरी उद्भासन व्यक्तिचित्रे

दुहेरी उद्भासन व्यक्तिचित्रे : छायाचित्रणाच्या एकाच काचेवर वा फिल्मवर दोन वेळा प्रकाश पडू देऊन तयार केलेली व्यक्तिचित्रे. व्यवसायात हे तंत्र ‘डबल एक्स्पोजर’ या नावाने ओळखले जाते. एकाच चित्रात एक व्यक्ती दोन ठिकाणी दाखविणे आणि एका प्रतिमेवर दुसरी पारदर्शक प्रतिमा उमटविणे, असे त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. या तंत्राचा उपयोग करमणूक, फसवणूक व कलानिर्मिती या तिन्हींसाठी झाला.

तत्त्व व पद्धती : काचेवरील वा फिल्मवरील चांदीच्या लवणांच्या थरात जेथे प्रकाश पडतो तेथेच बदल घडतो. न उजळलेला भाग जसाच्या तसा राहतो व दुसऱ्या उद्भासनास उपयोगी पडतो. म्हणून स्टुडिओत पाठीमागे काळ्या मखमलीचा पडदा लावीत. व्यक्तीस एका बाजूस बसवून पहिले उद्भासन करीत, नंतर भिंग झाकून तिला दुसऱ्या बाजूस बसवीत व त्याच काचेवर दुसरे उद्भासन करीत. पार्श्वभूमी उजळ असल्यास भिंगासमोर अर्धा भाग झाकणारी पट्टी बसवून दोन्ही अर्धी चित्रे स्वतंत्रपणे घ्यावी लागत. मधल्या काळात कॅमेरा हलला किंवा प्रकाश बदलला, तर दोहोंमधील सांधा उघडा पडे. प्रतिमा एकमेकींवर उमटवावयाच्या असल्यास प्रत्येक उद्भासन सुमारे निम्मे ठेवीत, अन्यथा चित्र प्रमाणाबाहेर उजळे.

इतिहास : फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये कलोडिऑनची ओली काच प्रचारात आणली. वापरलेल्या काचा धुऊन पुन्हा उपयोगात आणण्याची रीत असे. काच नीट स्वच्छ न झाल्यास जुन्या चित्राची पुसट छाया नव्या चित्रात उतरे. उद्भासनास काही सेकंद लागत असल्याने मध्येच उठून गेलेली व्यक्तीही पारदर्शक दिसे. डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञांनी १८५६ मध्ये स्टिरिओस्कोपवरील आपल्या ग्रंथात, भुताचा आभास निर्माण करण्याची ही युक्ती करमणूक म्हणून वर्णिली होती.

तिला गंभीर वळण मिळाले ते अमेरिकेत. बॉस्टन येथील कोरीवकाम करणारे विल्यम मम्लर यांनी १८६० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत, आपल्या चित्रांत मृतांचे आत्मे उमटतात, असा दावा केला. यादवी युद्धात (१८६१–६५) सहा लाखांहून अधिक सैनिक मृत्युमुखी पडले होते. गेलेल्या मुलाचे वा पतीचे ओझरते दर्शन घडावे, या आशेने शोकाकुल कुटुंबे या स्टुडिओकडे वळली. १८६९ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांच्यावर फसवणुकीचा आरोप ठेवण्यात आला. सर्कसचालक पी. टी. बार्नम यांनी त्यांच्याविरुद्ध साक्ष दिली. एब्राहम बोगार्डस या छायाचित्रकाराने बार्नम यांच्या मागे लिंकन यांची छाया दाखविणारे चित्र मुद्दाम तयार करून युक्ती किती सोपी आहे, हे सिद्ध केले. तथापि मम्लर यांनी नेमके काय केले, याचा पुरेसा पुरावा न मिळाल्याने न्यायाधीशांनी त्यांना मुक्त केले. पुढे १८७२ च्या सुमारास लिंकन यांच्या विधवा पत्नीनेही त्यांच्याकडून चित्र काढून घेतले.

पॅरिस येथे १८७५ मध्ये एदुआर ब्यूगे या छायाचित्रकारावर चाललेला खटला याहून बोलका आहे. पोलिसांना त्याच्या स्टुडिओत बाहुली व मुखवट्यासारखी डोकी सापडली. दुहेरी उद्भासनाने आपण चित्रे बनवितो, अशी कबुलीही त्याने दिली. त्याला एक वर्षाचा तुरुंगवास व ५०० फ्रँक दंड झाला. तरीही, चित्रात आपण आपल्याच आप्ताला ओळखले, असे अनेक साक्षीदार अखेरपर्यंत सांगत राहिले. काचेवर उमटलेली छाया पुसट असल्यामुळेच पाहणाऱ्याची स्मृती तिला हवा तो चेहरा देत होती.

शतकाच्या अखेरीस हे तंत्र पुन्हा उघड करमणुकीकडे वळले. वॉल्टर वुडबरी यांच्या १८९६ मधील पुस्तकात छायाचित्रणाच्या अशा गमती हौशी लोकांसाठी सांगितल्या आहेत. स्वतःशीच पत्ते खेळणारा किंवा स्वतःलाच नमस्कार करणारा गृहस्थ ही लोकप्रिय कल्पना ठरली.

भारतात धुंडिराज गोविंद फाळके (१८७०–१९४४) यांनी चित्रपटांपूर्वी गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय केला होता. छायाचित्रणातील अशा युक्त्यांचे ज्ञान त्यांना पौराणिक चित्रपटांतील चमत्कारदृश्यांसाठी उपयोगी पडले. पुढे लहान गावांतील स्टुडिओंतही जुळी व्यक्तिचित्रे काढली जाऊ लागली. मध्य प्रदेशातील नागदा येथील अशा चित्रांचा अभ्यास क्रिस्टोफर पिनी यांनी कॅमेरा इंडिका (१९९७) या ग्रंथात केला आहे. राम और श्याम (१९६७) यासारख्या दुहेरी भूमिकेच्या चित्रपटांमुळे ही कल्पना प्रेक्षकांच्या परिचयाची झाली होती.

विसाव्या शतकात अनेक कॅमेऱ्यांत फिल्म पुढे सरकविल्याशिवाय झडप उघडू नये, अशी यंत्ररचना आल्याने चुकून होणारे दुहेरी उद्भासन टळले. स्टुडिओच्या मोठ्या कॅमेऱ्यांत मात्र ते हेतुपुरस्सर करता येई. आता हे काम बहुधा संगणकावर होते. साधन बदलले तरी १८६९ व १८७५ च्या खटल्यांनी पुढे आणलेला प्रश्न कायम आहे : जुळी छबी काढणाऱ्या गिऱ्हाईकाला युक्ती ठाऊक असते, शोकाकुल आप्तांना ती ठाऊक नव्हती. करमणूक आणि फसवणूक यांतील भेद तंत्रात नसून या माहितीत आहे.