फाइलींचा दप्तरखाना आणि शिकणारीं यंत्रें

इ. स. २००३ मध्यें गूगलच्या संजय घेमावत, हॉवर्ड गोबिऑफ व शुन-ताक ल्युंग या तिघांनीं आपल्या फाइल-व्यवस्थेचें वर्णन प्रसिद्ध केलें, तेव्हां त्यांच्या नजरेसमोर प्रचंड फाइलींचें सलग वाचन होतें. फाइलीचे ६४ मेगाबाइटांचे तुकडे करून ते अनेक संगणकांवर, प्रत्येकाच्या तीन प्रती करून, वांटून ठेवावयाचे. आणि कोणता तुकडा कोठें आहे याची नोंदवही एकाच मुख्य संगणकाच्या स्मृतींत राखावयाची. लहान फाइली चालतील, पण त्यांच्यासाठीं निराळी खटपट करण्याचें कारण नाहीं, असें त्यांनीं उघडच लिहिलें होतें. त्या काळच्या कामाला तें शोभण्यासारखेंच होतें.

नऊ वर्षांनीं निराळेंच गिऱ्हाईक दारांत उभें राहिलें. डीप लर्निंग म्हणजे असंख्य उदाहरणें दाखवून संगणकाला ओळखावयास शिकविणें. टोरांटो विद्यापीठांतील ॲलेक्स क्रिझेव्स्की व त्याचे सहकारी यांनीं २०१२ सालीं सुमारे १२ लाख चित्रें दोन ग्राफिक्स कार्डांपुढून ९० वेळां नेलीं. त्याला पांच-सहा दिवस लागले. २०१७ सालीं फेसबुकच्या संशोधकांनीं २५६ कार्डें एकत्र जुंपून त्याच संग्रहाच्या ९० फेऱ्या एका तासांत उरकल्या. यंत्राची रचना निराळी होती हें खरें. पण हिशेब केला तर सेकंदाला तीस हजारांवर चित्रें होतात!

येथेंच दप्तरखान्याची परीक्षा होते. प्रत्येक चित्र ही एक लहान फाइल, आणि शिकवणें एकांगी होऊं नये म्हणून दर फेरीला क्रम पत्त्यांप्रमाणें पिसावा लागतो. दर चित्रासाठीं आधीं नोंदवहीच्या कारकुनाला विचारावयाचें, मग तबकडीवर तेथवर उडी घ्यावयाची. फिरत्या तबकडीला अशा उड्या सेकंदांत शंभरेकच साधतात. तोंवर लाखों रुपयांचीं कार्डें हातावर हात ठेवून बसतात.

पहिली तोड सोपी निघाली. हजारों चित्रें एका मोठ्या फाइलींत लागोपाठ बांधावयाचीं, कारकुनाला एकदांच विचारावयाचें आणि गठ्ठा सलग वाचावयाचा. गूगलच्या टीएफरेकॉर्डची रीत हीच. खरें पाहतां ही माघारच होती. नवें काम २००३ च्या सांच्यांत बसविलें गेलें, आणि पिसणें गठ्ठ्यांच्या अदलाबदलीवर व स्मृतींतील लहानशा साठ्यावर भागवावें लागलें.

याहून मौजेचा शोध २०२१ सालचा. संग्रह स्मृतीहून मोठा असला म्हणजे जुनें काढून नवें ठेवण्याची संगणकाची नेहमींची रीत अंगलट येते, असें जयश्री मोहन व त्यांचे सहकारी यांना आढळलें. हाताशीं असलेलें चित्र त्याची पाळी येण्यापूर्वींच बाहेर पडतें. पण एका फेरींत प्रत्येक चित्र एकदांच लागतें. मग कोणतें ठेवावें हा प्रश्नच उरत नाहीं. त्यांनीं एकदां आंत आलेलें चित्र बाहेर काढूंच दिलें नाहीं, आणि स्मृतींत मावेल तेवढा हिस्सा दर फेरीला आयता मिळूं लागला.

२०२५ सालीं चीनमधील डीपसीक कंपनीनें आपली थ्रीएफएस ही व्यवस्था सर्वांस खुली केली. तींत फिरत्या तबकडीची जागा एसएसडीनें घेतली आहे. १८० साठा-संगणकांतून मिळून सेकंदाला ६.६ टेबीबाइट वाचन झाल्याचें त्या मंडळींनीं नमूद केलें. उदाहरणें आधीं पिसून ठेवण्याची आतां गरजच नाहीं, असाही त्यांचा दावा आहे.