शंभर रुपयांमागे सहा पैसे

परवा लीड्सहून भाच्याचा फोन आला. तिथे एक छोटं घर घेऊन भाड्याने द्यायचं त्याच्या मनात आहे. "मामा, दीड लाख पौंडांचं घर, महिना ७५० पौंड भाडं. म्हणजे वर्षाला सहा टक्के! तुझ्या ठाण्याच्या फ्लॅटचं काय?"

हिशोब केला. फ्लॅट एक कोटीचा, भाडं २५ हजार. तीन टक्के. तेही ढोबळ, म्हणजे मेंटेनन्स, घरपट्टी आणि रिकामे गेलेले महिने न धरता. "मग मुंबईकडे लोक घरात पैसे घालतात कशाला?" त्याचा प्रश्न बरोबरच होता.

फोन ठेवला आणि आजीची गिरगावातली खोली आठवली. १९९८ साली भाडं होतं महिना ४० रुपये. तशी मालकीची खोली तेव्हा आठ लाखांना सहज गेली असती. म्हणजे मालकाला वर्षाकाठी शंभर रुपयांमागे सहा पैसे!

हे कसं झालं? मुंबईत भाड्यावर पहिलं नियंत्रण आलं १९१८ साली, महायुद्धाच्या टंचाईत. मोठा कायदा १९४७ चा. त्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. साध्या पगारदार माणसांचं छप्पर त्यामुळे टिकलं, आमचंही. पण महागाई काही १९४० ला थांबली नाही. पागडी आली, डागडुजी थांबली. शेवटी १९६९ साली सरकारला जुन्या इमारतींसाठी दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला.

आम्ही पोरं मालकाला कंजूस म्हणायचो. एका पावसाळ्यात गॅलरीचा कठडा कोसळला तेव्हा आजी शेजारणींना घेऊन भांडायला गेली. त्याने वही उघडून दाखवली. सुताराने सांगितलेला खर्च चाळीच्या वर्षभराच्या भाड्याहून जास्त होता. आजी गप्प परत आली आणि दुसऱ्या दिवशी वर्गणी गोळा करायला लागली.

त्यात १९७३ ची दुरुस्ती आली. १ फेब्रुवारीला लीव्ह अँड लायसन्सवर राहत असलेले लोक कायद्याने भाडेकरू झाले. त्या धसक्याने कित्येकांनी घरं कुलपात ठेवली. भाडं नको, किंमत वाढली की झालं, ही सवय मुंबईला अशी लागली. भाडं भाडेकरूच्या पगारातून येतं, किंमत मात्र पुढच्या आशेवर चढते. म्हणून तीन टक्के.

ब्रिटनचीही सुरुवात अशीच. १९१५ साली ग्लासगोच्या बायकांनी भाडं देणंच बंद केलं आणि सरकारने भाडी गोठवली. पण १९८८ च्या कायद्याने तिथे नवे करार मोकळे केले, १९९६ पासून भाड्याने द्यायच्या घरांसाठी खास कर्जं निघाली. आपल्याकडे १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने जुन्या भाडेकरूंचं संरक्षण ठेवलं, वर्षाला चार टक्के वाढ दिली. चाळीस रुपयांवर चार टक्के म्हणजे किती, ते तुम्हीच काढा!

भाच्याला मग कळवलं, सहा आणि तीन यांची नुसती तुलना करू नकोस. जिथे किंमत वाढायची आशा कमी, तिथे लोक भाडं जास्त मिळेल तरच घर घेतात. आणि कठडा पडला तर तो कोणाच्या पैशाने उभा राहणार, हे आधी विचार.

असो. आजीची वर्गणी पुरली. कठडा उभा राहिला. मालकाने त्या महिन्याचं भाडं मागितलं नाही.