नेंद्रन केळीला कडुनिंब आणि कसाव्याचे कवच

मुंबई-पुण्याच्या बाजारात मिळणारे पिवळे केरळी वेफर्स ज्या केळ्यांपासून बनतात, ती नेंद्रन जात. वसईची प्रसिद्ध सुकेळी ज्या राजेळीपासून तयार होतात, तीही याच गटातली. लांबट, पिठूळ गराची ही केळी पिकल्यावर खाल्ली जातातच. परंतु कच्ची तळून किंवा शिजवून त्यांचा वापर अधिक होतो.

नेंद्रनला लागवडीपासून घड हाती येईपर्यंत सुमारे दहा महिने लागतात. ओणमचा बाजार साधण्यासाठी केरळातील शेतकरी आदल्या वर्षीच लागवड करतात. घड पोसत असतानाच खोड मोडले, तर वर्षाचे श्रम वाया जातात.

मुख्य शत्रू

या गटातील केळींवर सोंडे भुंगेऱ्यांचा उपद्रव विशेष असतो. एका जातीच्या अळ्या जमिनीतील कंद पोखरतात, तर दुसरीच्या अळ्या खोड. खोडावरील छिद्रांतून चिकट द्रव पाझरू लागणे, हे खोडकिडीचे पहिले लक्षण. अळी आत शिरल्यावर वरून केलेली फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच उपचारांपेक्षा प्रतिबंधाला महत्त्व आहे.

वनस्पतिजन्य उपाय

निरोगी बागेतील मुनवे निवडून त्यांच्या कंदांना शेणकाला व राख लावतात आणि तीन-चार दिवस उन्हात सुकवून मग लागवड करतात. खड्ड्यात घातलेली निंबोळी पेंड मुळांवरील सूत्रकृमींना आवर घालते. पाचव्या महिन्याच्या सुमारास बाहेरची वाळलेली पाने व सोपटे काढून पानांच्या बेचक्यांत कुटलेल्या निंबोळ्या ठेवतात. निंबोळीतील अझाडिरॅक्टिन किडींची भूक व वाढ रोखते. मात्र ते उन्हात लवकर निष्प्रभ होत असल्याने निंबोळी अर्काची फवारणी सायंकाळी करणे हितावह ठरते.

तिरुअनंतपुरम येथील केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेने कसाव्याच्या, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाच्या, पानांपासून 'नन्मा' व 'मेन्मा' ही कीडनाशके विकसित केली. कंद काढल्यावर वाया जाणाऱ्या या पानांत सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असतात. 'मेन्मा' खोडात टोचल्याने आतील अळीपर्यंत पोहोचते. वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी असे मात्र नव्हे. ती सूचनांनुसारच हाताळावी लागतात.

खतांचे वेळापत्रक

केरळ कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार ओलिताखालील नेंद्रनच्या प्रत्येक झाडाला 190 ग्रॅम नत्र, 115 ग्रॅम स्फुरद व 300 ग्रॅम पालाश लागते. जोडीला सुमारे दहा किलो शेणखत किंवा कंपोस्ट दिले जाते. फळ भरण्यासाठी पालाश महत्त्वाचे असल्याने त्याचे प्रमाण सर्वाधिक आहे. ही मात्रा एकदम न देता सहा हप्त्यांत विभागली, तर पावसाबरोबर अन्नद्रव्ये वाहून जाणे कमी होते. माती परीक्षणानुसार त्यात फेरफार करणे इष्ट.

मर्यादा

पर्णगुच्छ या विषाणूजन्य रोगावर कडुनिंबाचा किंवा अन्य कोणताही उतारा नाही. मावा किडीमार्फत तो पसरतो. त्यामुळे रोगट झाड कंदासह उपटून नष्ट करणे हाच मार्ग उरतो. निरोगी मुनवे, स्वच्छ बाग आणि वेळेवर खत ही पूर्वतयारी असेल, तरच कडुनिंब व कसावा घड सुखरूप उतरवण्यास हातभार लावतात.