पन्नाशीनंतरची फुगडी

'बाईपण भारी देवा' हा केदार शिंदे दिग्दर्शित चित्रपट ३० जून २०२३ रोजी प्रदर्शित झाला. त्या वर्षी अधिक श्रावण आल्यामुळे निज श्रावण ऑगस्टच्या मध्यापर्यंत लांबला आणि चित्रपटाला एकाऐवजी दोन श्रावण लाभले. बायकांचे गट नटूनथटून चित्रपटगृहांत लोटले. आष्टीहून आम्हीही काहीजण नव्याने सुरू झालेल्या रेल्वेने नगर गाठून तो पाहून आलो. परतताना बोलणे निघाले ते मात्र चित्रपटापेक्षा मंगळागौरीचे.

कथा सर्वांना ठाऊक आहे. एकमेकींपासून दुरावलेल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेच्या निमित्ताने एकत्र येतात. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या कुलकर्णी-मोने, शिल्पा नवलकर, सुचित्रा बांदेकर आणि दीपा परब-चौधरी अशा सहा नायिका, आणि त्यांतील बहुतेक प्रौढ. मराठी विनोदी चित्रपटात प्रौढ स्त्रीला ही जागा सहजासहजी मिळालेली नाही. दादा कोंडक्यांच्या चित्रपटांतील रत्नमालांची 'आये' प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली, पण ती मुलाच्या निमित्तानेच पडद्यावर येई. 'अशी ही बनवाबनवी'तील (१९८८) लीलाबाई काळभोर नयनतारांनी अविस्मरणीय केल्या खऱ्या, तरी विनोद घडतो तो त्यांना फसविण्यातून. खुद्द शिंदे यांच्या 'अगं बाई अरेच्चा!'मध्ये (२००४) बायकांच्या मनातले ऐकू येते ते एका पुरुषाला. गंभीर चित्रपटांत तर सोशिक आई किंवा छळणारी सासू एवढीच वाट होती. २०२१च्या 'झिम्मा'ने सुहास जोशी, निर्मिती सावंत यांना सहलीला नेले आणि ही कोंडी थोडी फुटली. झिम्मा हाही मंगळागौरीचाच एक खेळ, हा योगायोग आम्हांला अर्थपूर्ण वाटतो.

कारण मंगळागौर हे मुळात नवविवाहितेचे व्रत. लग्नानंतरची पाच वर्षे, श्रावणातले मंगळवार, सकाळी पूजा आणि रात्री जागरण. फुगडी, पिंगा, झिम्मा, गोफ हे खेळ सासरच्या धाकात दिवस काढणाऱ्या पोरीला एका रात्रीपुरते दिलेले अंगण होते. गेल्या काही दशकांत शहरांतून हे अंगण सभागृहात आले. नोकरी करणाऱ्या नवऱ्या मुलीला ना खेळ येतात, ना जागरणाला सवड असते. तेव्हा पुण्या-मुंबईत खेळ सादर करणारे गट निघाले आणि त्यांत चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या बायकाच बहुसंख्य. नवरी खुर्चीत बसून टाळ्या वाजवते, आणि तिच्या मावशीच्या वयाच्या बाया पिंगा घालतात! व्रत तरुणीचे राहिले, खेळ प्रौढांनी आपलासा केला. चित्रपटाने ही कल्पना निर्माण केली नाही; समाजात आधीच घडून गेलेली अदलाबदल त्याने ओळखली. त्याच्या यशाचे श्रेय आम्ही जाहिरातीपेक्षा या नेमक्या ओळखीला देऊ.

आमच्या भागात गोष्ट जरा निराळी पडते. इकडे मंगळागौर मूठभर घरांत. बाकीच्यांचा सण पंचमीचा. झोका, फेराची गाणी, फुगडी, आणि माहेरी आलेली लेक. श्रावणात गाव भरलेले असते, कारण ऊसतोडीच्या टोळ्या त्या वेळी घरी असतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास त्या कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम संपल्यावर परततात. नवराबायको मिळून 'एक कोयता'. एक दिवस काम चुकले की खाडा धरला जातो आणि पैसे कापले जातात; मासिक पाळीलाही सूट नाही. बीड जिल्ह्यातील गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी २०१९ मध्ये शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे सोपविली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. बायका त्याला 'पिशवी काढली' एवढेच म्हणतात. त्यांत तिशीतल्याही कितीतरी. पुण्यातील बाई पन्नाशीनंतर पुन्हा खेळू लागते त्याच काळात इकडची बाई पस्तिशीतच कंबर धरून बसते. 'प्रौढ' हा शब्द दोघींना सारखा लावताना आमची लेखणी अडखळते.

म्हणून हा चित्रपट खोटा म्हणावा काय? आम्ही तसे म्हणणार नाही. त्या सहाजणींची दुखणी मध्यमवर्गीय आहेत, त्यांच्या तोडग्यांत स्पर्धेची सोय आहे, शेवट गोड करण्याची घाईही आहे. तरी अंधारात आमच्या शेजारी बसलेल्या गावाकडच्या मावशी जिथे हसल्या तिथे त्या मनापासून हसल्या, आणि दोनदा पदर डोळ्यांना लावला. परतताना त्यांनी एकच शंका काढली.

"सर, एवढी फुगडी खेळाया त्यान्ला गुडघं कुठनं आलं वो?"

पुढे २१ ऑगस्टला नागपंचमी आली. लिंबाखाली पोरी फेर धरून होत्या. मावशी बराच वेळ पारावर बसून गाणी सांगत होत्या, चुकली की पोरींना थांबवीत होत्या. मग उठल्या, पदर खोचला, आणि धाकट्या जावेचा एकच हात धरून तीन गिरक्या घेतल्या. चौथीला थांबल्या, कंबरेवर हात ठेवून हसल्या आणि पुन्हा पारावर जाऊन बसल्या.