नोंदीबाहेरचा बचावपटू : अ‍ॅलन पेज

अमेरिकन फुटबॉलचा इतिहास बहुधा चेंडू पुढे नेणाऱ्यांच्या बाजूने लिहिला जातो. या कथनात क्वार्टरबॅक हा नायक ठरतो, आणि त्याला रोखणारा बचावपटू केवळ अडथळा म्हणून येतो. १९७१ साली हा संकेत प्रथमच मोडला. त्या वर्षी असोसिएटेड प्रेसने व्यावसायिक लीगमधील सर्वांत मौल्यवान खेळाडू म्हणून मिनेसोटा व्हायकिंग्ज संघाच्या अ‍ॅलन पेजची निवड केली. हा मान मिळवणारा तो पहिला बचावपटू. त्यानंतर १९८६ मध्ये लॉरेन्स टेलर वगळता दुसऱ्या कोणत्याही बचावपटूच्या वाट्याला तो आलेला नाही.

पेजचा जन्म १९४५ चा, ओहायोतील कॅंटन गावचा. व्यावसायिक फुटबॉलचे स्मारक-संग्रहालय याच गावात उभे राहिले आणि त्याच्या बांधकामावर तरुण पेजने काम केले होते. १९८८ मध्ये त्याच वास्तूत त्याची सन्मानपूर्वक नोंद झाली. या दोन घटनांमध्ये त्याची कारकीर्द सामावते: १९६६ मध्ये नोत्र दाम विद्यापीठाच्या राष्ट्रीय विजेत्या संघातील स्थान, १९६७ मध्ये व्हायकिंग्जमध्ये प्रवेश, आणि ‘पर्पल पीपल ईटर्स’ या नावाने गाजलेल्या बचावफळीतील वर्चस्व. डिफेन्सिव्ह टॅकलच्या जागी खेळणाऱ्या पेजचे बळ वजनापेक्षा वेगात होते. चेंडू हलताक्षणी तो प्रतिपक्षाच्या फळीत शिरलेला असे. नियमित हंगामांतील २१८ सामने तो सलग खेळला. व्हायकिंग्ज मात्र चार वेळा सुपर बोलपर्यंत पोहोचून चारही वेळा हरले.

येथे इतिहासलेखनाचा एक प्रश्न उभा राहतो. क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडणे, म्हणजे ‘सॅक’, हे बचावपटूच्या कर्तृत्वाचे आजचे प्रमुख माप. त्याची अधिकृत गणना सुरू झाली १९८२ मध्ये. पेज निवृत्त झाला १९८१ मध्ये. परिणामी ज्या कौशल्यासाठी तो ओळखला गेला, त्याचा रकाना अधिकृत तक्त्यात रिकामा आहे. आकड्यांवर विसंबणाऱ्या इतिहासातून काय निसटते, याचे हे बोलके उदाहरण म्हणता येईल.

पेजने स्वतः मात्र खेळालाच आयुष्याचे माप मानले नाही. खेळत असतानाच त्याने मिनेसोटा विद्यापीठातून १९७८ साली कायद्याची पदवी घेतली. त्याच वर्षी व्हायकिंग्जने त्याला मुक्त केले. पुढील हंगाम तो शिकागो बेअर्सकडून खेळला. १९९२ मध्ये मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयातील एका जागेची निवडणूक गव्हर्नरने विद्यमान न्यायमूर्तींची मुदत वाढवून टाळली, तेव्हा पेज न्यायालयात गेले आणि जिंकले. निवडणूक झाली, आणि १९९३ मध्ये ते त्या न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. वयाच्या सत्तराव्या वर्षी, २०१५ मध्ये, नियमानुसार निवृत्त होईपर्यंत ते त्या पदावर होते. (खेळाडूसाठी वापरलेले एकवचन न्यायमूर्तींसाठी आपोआप आदरार्थी झाले, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. हा भेद भाषेचा की आपला, याचा विचार व्हावा.)

संग्रहालयात प्रवेशाच्या प्रसंगी परिचय करून देण्यासाठी पेज यांनी प्रशिक्षकाला नव्हे, तर मिनिआपोलिसमधील एका मुख्याध्यापिकेला पाचारण केले होते. त्याच वर्षी स्थापन झालेली पेज एज्युकेशन फाउंडेशन ही संस्था अल्पसंख्य वर्णगटांतील विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देते. अट एवढीच, की त्यांनी लहान मुलांना शिकण्यात मदत करावी. २०१७ मध्ये मिनिआपोलिसमधील एका शाळेने अलेक्झांडर रॅम्सी हे नाव सोडून पेज यांचे नाव स्वीकारले. रॅम्सी हे डकोटा लोकांच्या उच्चाटनाची भाषा करणारे एकोणिसाव्या शतकातील गव्हर्नर. नामांतराचा आग्रह विद्यार्थ्यांनीच धरला होता. त्या मुलांनी पेज यांना मैदानावर कधीच पाहिले नव्हते. त्यांनी नाव निवडले ते न्यायमूर्तींचे. अधिकृत तक्त्यातला तो रिकामा रकाना त्यांच्या निवडीच्या आड आला नाही.