गिरणगावातील तीन इंग्रज



'परदेशी' हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी चालतो. साता समुद्रापलीकडून आलेला गोरा तो परदेशी. आणि उत्तर हिंदुस्थानातून येऊन पिढ्यान्‌पिढ्या आपल्या शेजारी राहिलेला, तोही परदेशीच. माणूस परका कुठपर्यंत राहतो आणि आपला केव्हा होतो, हे या शब्दावरून कळत नाही. ते कळावे म्हणून मुंबईच्या इतिहासातले एक प्रकरण आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत. जळगाव जामोदच्या श्रोत्यांना ते दूरचे वाटू नये. सातपुड्याच्या पायथ्याचा कापूस नांदुऱ्याला आगगाडीत चढे आणि मुंबईस जाई. त्या कापसासाठी रॅलींची ग्रीक पेढी आणि व्होलकार्टांची स्विस पेढी वऱ्हाडापर्यंत आली होती. सूत आणि माणसे यांची गुंतागुंत तेव्हापासूनची आहे.

1926 सालची मुंबई डोळ्यांपुढे आणा. आदल्या वर्षी बोरीबंदरहून कुर्ल्यापर्यंत विजेची आगगाडी सुरू झालेली. ट्रामच्या जोडीला नुकतीच मोटारबस आलेली. वरळी, नायगाव, शिवडी येथे सरकारच्या सिमेंटच्या चाळी उठत होत्या. 1921च्या शिरगणतीत शहराची वस्ती पावणेबारा लाखांच्या घरात होती आणि शंभरांतले चौऱ्याऐंशी जण मुंबईबाहेर जन्मलेले होते. म्हणजे ज्या शहरात इंग्रज परका म्हणायचा, तेथे रत्नागिरीचा, साताऱ्याचा आणि घाटावरचा कामगारही एका अर्थी उपराच होता! एका खोलीत दोन-तीन बिऱ्हाडे, पाळीपाळीने निजणे, गावाकडे मनिऑर्डर, हा त्याचा संसार.

साहेबाचा संसार निराळा होता. मलबार हिल किंवा कुलाबा, हाताखाली नोकरचाकर, संध्याकाळी क्लब. यॉट क्लबात हिंदी माणसाला सभासद होता येत नसे. गिरण्यांतही लँकेशायरचे गोरे मास्तर होते; पण भोंगा झाला की त्यांची वाट परळवरून निघून गोऱ्यांच्या वस्तीकडे जाई. त्यांचा कामगाराशी संबंध हुकमापुरता. ही चाकोरी ज्यांनी मोडली, त्यांतल्या तिघांची आज आठवण करावयाची आहे.

फिलिप स्प्रॅट डिसेंबर 1926च्या अखेरीस मुंबईस उतरला. वय चोवीस, शिक्षण केंब्रिजचे. वरवर तो लंडनच्या एका ग्रंथविक्रेत्याचा प्रतिनिधी होता; वस्तुतः ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाने त्याला धाडले होते. 1927च्या सप्टेंबरात बेन ब्रॅडले आला. तो लोखंडकामातला कारागीर. त्यानेही जमिनीतल्या पाण्याचा निचरा करणाऱ्या कौलांच्या विक्रीचे निमित्त पुढे केले होते. तिसरा लेस्टर हचिन्सन हा पत्रकार, 1928 साली आला. पक्षाने पाठविलेली माणसे म्हणजे साधुसंत नव्हेत, हे आम्ही जाणतो. परंतु येथे आल्यावर ती कोठे गेली हे पाहिले पाहिजे. ती क्लबात गेली नाहीत, गिरणगावात गेली.

परक्या माणसाचे तेथले दिवस सोपे नसतात. भाषा येत नाही. सभेत इंग्रजीत बोलावे आणि मिरजकर, जोगळेकर, निंबकर, डांगे यांच्यासारख्या सहकाऱ्यांपैकी कोणी ते मराठीत सांगावे. घामाने जीव हैराण, पुढे चार महिने पावसाची झोड. मागे गुप्त पोलीस. पत्रे टपालातच उघडली जात. स्वजातीय गोरे तोंड फिरवीत आणि हिंदी माणूस प्रथम संशयानेच पाही. हा संशय भाषणांनी जात नाही. तो कामाने जातो, आणि काम लवकरच पुढे उभे राहिले.

गिरणीमालकांनी एका कामगाराकडे जास्त माग आणि जास्त साचे देण्याची पद्धत आणली. म्हणजे काहींच्या कामात वाढ आणि बाकीच्यांच्या नोकरीवर कुऱ्हाड. एप्रिल 1928 मध्ये संप सुरू झाला. सुमारे दीड लाख कामगार ऑक्टोबरपर्यंत, भर पावसाळ्यातून, टिकून राहिले. धान्य वाटण्यासाठी मदत गोळा झाली. रशियातल्या कामगार संघटनांकडूनही पैसा आला. याच लढ्यात गिरणी कामगार युनियन जन्मली. अध्यक्ष अर्जुन आत्माराम आळवे हे स्वतः गिरणी कामगार. वर्षअखेर तिचे सभासद चोपन्न हजारांवर गेले.

आता सरकारचे धोरण पाहा. 1926च्या ट्रेड युनियन कायद्याने युनियनचे निम्मे पदाधिकारी बाहेरचे असण्यास मुभा दिली होती. परंतु बाहेरचा खरोखरीच कामाला लागताच तो डोळ्यांत खुपू लागला. परक्या कम्युनिस्टांना हद्दपार करण्यासाठी सार्वजनिक सुरक्षिततेचे विधेयक आले. सप्टेंबर 1928 मध्ये मते समसमान पडली आणि अध्यक्ष विठ्ठलभाई पटेलांनी आपले मत विरोधात टाकले. विधेयक पडले. सहा हजार मैलांवरून येऊन राज्य करणाऱ्यांनी दुसऱ्याला परका म्हणावे, यातली गंमत श्रोत्यांना सांगावयास नकोच.

हद्दपारी जमली नाही तेव्हा खटला आला. 20 मार्च 1929 रोजी धरपकड झाली. स्प्रॅट, ब्रॅडले आणि मुंबईचे पुढारी मीरतला नेण्यात आले. मुंबईच का नाही? मुंबईत 1927 साली एका पत्रकाबद्दल स्प्रॅटवर राजद्रोहाचा खटला झाला होता आणि ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले होते. मीरतला ज्यूरी नव्हती. पुढारी गजाआड गेल्यावर हचिन्सनला युनियनने उपाध्यक्ष केले. कामगारांनी परक्याला आपला म्हटले ते या घडीला, आणि त्याची किंमतही लगेच वसूल झाली: जूनमध्ये तोही पकडला गेला.

खटला जवळजवळ चार वर्षे चालला. जानेवारी 1933च्या निकालात स्प्रॅटला बारा वर्षे, ब्रॅडलेला दहा, हचिन्सनला चार अशा शिक्षा झाल्या. ऑगस्टमध्ये अलाहाबाद हायकोर्टाने स्प्रॅटची शिक्षा दोन वर्षांवर आणि ब्रॅडलेची एकावर आणली; हचिन्सन आणि आळवे यांना निर्दोष ठरविले. तोवर कोठडीत गेलेली वर्षे मात्र कोणत्याच कोर्टाला परत देता येत नव्हती.

पुढे तिघांच्या वाटा फुटल्या. ब्रॅडले इंग्लंडात जाऊन अखेरपर्यंत पक्षाचे काम करीत राहिला. हचिन्सन 1945 साली पार्लमेंटात गेला. हिंदी स्वातंत्र्याचा कायदा 1947 साली मंजूर झाला तेव्हा तो सभासद होता. स्प्रॅटने कम्युनिझम सोडला, त्याच्यावर कडाडून टीका केली. पण हिंदुस्थान सोडला नाही. येथेच लग्न केले, येथेच पत्रे संपादिली आणि 1971 साली मद्रासला देह ठेवला. मते पालटली तरी घर पालटले नाही.

आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. ज्या तालुक्यात जावे तेथे 'हे बाहेरचे, चिथावणारे' हे शब्द आमच्या कानांवर पडतात. त्यामुळे या इतिहासातून आम्हांला एक कसोटी सापडते. माणूस कोठून आला हा पहिला प्रश्न नव्हे. तो कोणाच्या पंगतीत बसला, आणि पोलीस आले तेव्हा कोठे उभा होता, हे विचारावे.

आज आपल्याच तालुक्यात बांधकामावर, वीटभट्टीवर परप्रांतांतून आलेली माणसे दिसतात, आणि आपली मुले पुण्या-मुंबईला, आखाती देशांत जातात. तेथे कोणीतरी त्यांना परदेशी म्हणतच असेल. आपल्या मुलाला तेथे जशी वागणूक मिळावी असे वाटते, तशी येथे आलेल्याला द्यावी. त्याची मजुरी आठवड्याच्या आठवड्याला पदरात पडते की नाही, एवढे जरी आपण शेजारी म्हणून विचारले, तरी व्याख्यानमालेची ही संध्याकाळ कारणी लागली असे आम्ही समजू.