रंग आणि अर्बुद

बगरू म्हटले की मराठी वाचकास १७४८ ची लढाई आणि माधोसिंहाच्या बाजूने उतरलेले मल्हारराव होळकर आठवावेत, हे साहजिकच आहे. आम्हांस मात्र जयपूर-अजमेर रस्त्यावरील या गावात छिपांच्या रंगाळलेल्या बोटांचे कुतूहल अधिक. तेथील काळी 'स्याही' जुने लोखंड व गूळ पाण्यात आंबवून करतात. हिरड्याच्या पाण्यातून काढलेल्या कापडावर तिचा ठसा काळाभोर उठतो. तांबडा रंग पूर्वी तुरटीच्या साहाय्याने मंजिष्ठ व आल यांच्या मुळांतून येई. मंजिष्ठेतील रंगद्रव्य अलिझरीन १८६८ मध्ये ग्रेबे व लीबरमान यांनी डांबरापासून सिद्ध केले, आणि मुळांचा व्यापार बसला.

डांबरी रंगांची थोरवी पुष्कळांनी गायिली आहे. त्यांची दुसरी बाजू १८९५ मध्ये फ्रँकफुर्टचे शस्त्रवैद्य लुडविग रेन यांनी मांडली. फुक्सिन रंगाच्या कारखान्यातील काही कामगारांच्या मूत्राशयात त्यांना अर्बुदे आढळली. त्यांनी ॲनिलिनला दोष दिला. पुढे बीटा-नॅफ्थिलअमाइन व बेंझिडीन हे खरे अपराधी ठरले. पण विष हातास आणि श्वासास लागावे व रोग मूत्राशयात उगवावा, हे कसे?

उत्तराचा धागा यकृतात सापडला. जपानमध्ये सासाकी व योशिदा यांनी १९३५ मध्ये एक ॲझो रंग खाऊ घालून उंदरांच्या यकृतात अर्बुदे उत्पन्न केली. लवकरच किनोशिता यांनी 'बटर यलो' या रंगाविषयी तेच दाखविले, आणि तो तर लोण्यास पिवळेपणा आणण्यासाठी वापरीत! १९४७ मध्ये अमेरिकेतील मिलर दांपत्याने हा रंग यकृतातील प्रथिनांस चिकटून राहतो असे सिद्ध केले. शरीर बाहेरचे द्रव्य बाहेर टाकण्यासाठी बदलते, आणि त्या बदलातच कधी कधी विष जन्मास येते.

क्योटोच्या किमोनो रंगविणाऱ्या कारागिरांची गोष्ट आम्हांस याहूनही बोलकी वाटते. कुंचल्याचे टोक ओठांनी ओले करण्याची त्यांची रीत होती, आणि त्यांच्यात मूत्राशयाचे अर्बुद अधिक आढळल्याचे १९७० नंतर तेथील वैद्यांनी नोंदविले. गिळलेल्या रंगाचा ॲझो बंध आतड्यांतील जंतू तोडतात. त्यातून सुटलेले बेंझिडीन यकृतातून जाऊन मूत्रात उतरते. कारखान्याच्या भिंतीआडचा रोग असा घरच्या ओसरीवर आला.

आपल्या केंद्र सरकारने १९९७ मध्ये काही ॲझो रंगांच्या 'हाताळणी'वर बंदी घातली. कारकुनी डोळ्यांना हा शब्द प्रथम दुबळा वाटतो. परंतु १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात त्याची व्याख्या ऐसपैस आहे: निर्मिती, साठवण, वाहतूक, वापर, विक्रीस मांडणे, सारे तीत येते. बगरूची स्याही या यादीत बसत नाही, आणि अलिझरीनही ॲझो वर्गातले नव्हे. पण बाजारात तयार मिळणाऱ्या पुडीत काय आहे, हे पुडीवर वाचल्यावाचून छिपाला कळावे कसे? यादीतील नावे रसायनशास्त्राच्या भाषेत आहेत.